भावनांची बुद्धी आणि तिची मोजदाद

१९९० साली पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका अल्पपरिचित नियतकालिकात ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या नावाचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय इतका मर्यादित आणि त्यातील विधाने इतकी सावध होती, की पाचच वर्षांत त्याच विषयाचा अमेरिकेत सर्वत्र डंका वाजेल आणि पुढे मुंबई-पुण्याच्या शाळांची माहितीपत्रके व नोकरभरतीच्या जाहिरातीही त्या नावाने सजतील, असे त्या दोघांच्या स्वप्नातही आले नसावे. आज ही संज्ञा सर्वतोमुखी झाली आहे आणि तिचा अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या सोयीचा आहे. म्हणून ही कल्पना मुळात काय होती, पुढे तिचे काय झाले आणि तिच्यावर कोणते आक्षेप दाखल झाले, हे सामान्य वाचकापुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

भावना म्हणजे बुद्धीला ग्रासणारी बाधा, असे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, ते सॅलोव्हे आणि मेयर यांना मान्य नव्हते. त्यांच्या मते भावना हीही एक प्रकारची माहितीच आहे. भीती संकटाची वर्दी देते, क्रोध अन्यायाची आणि दुःख हानीची. ही वर्दी अचूक वाचणे आणि तिच्या आधारे विचार व वर्तन यांना दिशा देणे हे सामर्थ्य सर्वांच्या ठायी सारखे नसते, ज्याच्या ठायी ते अधिक असेल त्याला त्या बाबतीत अधिक बुद्धिमान म्हणावे, इतकाच त्यांचा दावा होता. १९९७ साली त्यांनी या सामर्थ्याची चार अंगे सांगितली. पहिले, चेहरा आणि स्वर यांवरून भाव ओळखण्याचे. दुसरे, हाती असलेल्या कामाला अनुकूल अशा भावावस्थेचा उपयोग करून घेण्याचे, कारण हिशेबातील चूक शोधताना गंभीर चित्त उपयोगी पडते, तर नवी कल्पना सुचण्यास प्रसन्नता लागते. तिसरे, चीड साचत गेली की तिचा संताप होतो, किंवा अपमानात लाज आणि राग दोन्ही मिसळलेले असतात, असे भावनांचे व्यवहार समजण्याचे. आणि चौथे, आपल्या व दुसऱ्याच्या भावनांचे नियमन करण्याचे. या यादीत चिकाटी नाही, आशावाद नाही आणि सदाचारही नाही, हे वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ तेथे आहे.

१९९५ साली डॅनियल गोलमन यांनी हीच संज्ञा आपल्या पुस्तकाच्या मथळ्यावर घातली. गोलमन हे हार्वर्डचे मानसशास्त्राचे पदवीधर, परंतु व्यवसायाने न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर. त्यांची लेखणी ओघवती होती आणि विषय प्रत्येक आईबापाच्या जिव्हाळ्याचा होता. त्यांनी या कल्पनेच्या कक्षेत आत्मसंयम, उत्साह, चिकाटी आणि स्वतःला कामाला प्रवृत्त करण्याची शक्ती यांचा समावेश केला आणि या साऱ्या गुणसमुच्चयालाच पूर्वी शील म्हणत, असेही मोकळेपणी नमूद केले. आयुष्यातील यशापैकी बुद्ध्यंकाचा वाटा फार तर शेकडा वीस, बाकीचे ऐंशी इतर कारणांचे, असे त्यांनी लिहिले होते. त्या ‘इतर कारणां’त घराणे, पैसा आणि दैव हेही येते, हे विसरून वाचकांनी ऐंशीचे ऐंशी भावनिक बुद्धिमत्तेच्या खाती जमा केले. तसा दावा आपण केलाच नव्हता, असा खुलासा गोलमन यांना पुढे करावा लागला. पण तोवर व्याख्याते, सल्लागार आणि कसोट्या विकणाऱ्या कंपन्या यांनी ऐंशीचा तो आकडा गावोगाव पोचवला होता.

बुद्धीला बुद्ध्यंकापलीकडे काही पैलू असावेत, ही शंका तशी जुनीच आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी माणसांना ओळखून त्यांच्याशी शहाणपणाने वागण्याच्या शक्तीला ‘सामाजिक बुद्धी’ म्हटले होते. आणि १९३७ साली त्यांच्याच चिरंजीवांनी एका सहकाऱ्यासह तिच्या कसोट्यांची छाननी केली, तेव्हा त्या कसोट्या बहुतांशी शब्दबुद्धीच मोजतात, असा प्रतिकूल निर्णय त्यांना द्यावा लागला.

तथापि भावनांचा आणि विवेकाचा काही संबंध आहे की नाही, या प्रश्नाचे जे उत्तर मज्जाशास्त्राकडून आले, ते मला फार मोलाचे वाटते. अंतोनिओ दमासिओ यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एलियट या टोपणनावाने एका रुग्णाची हकीकत दिली आहे. चांगल्या नोकरीतल्या या संसारी गृहस्थाच्या मेंदूच्या पुढील भागाजवळ गाठ झाली आणि ती काढताना त्या भागाचा काही अंश नष्ट झाला. शस्त्रक्रियेनंतर त्याची स्मृती शाबूत होती, भाषा शाबूत होती, बुद्ध्यंकही उत्तम होता. पण कचेरीत कागदपत्रांचे वर्गीकरण करावयास बसला, की ते तारखेप्रमाणे लावावेत की विषयाप्रमाणे, या एकाच विचारात त्याचा दिवस सरे. कधी मधलाच एखादा कागद हाती येई आणि तो वाचण्यात दुपार संपून जाई. नोकरी गेली, एका संशयास्पद भागीदाराबरोबर मांडलेल्या धंद्यात दिवाळे निघाले, संसार मोडला. आणि हे सारे तो अशा अलिप्ततेने सांगे, की ऐकणाऱ्याला त्याच्यापेक्षा अधिक यातना होत. जळती घरे आणि बुडणारी माणसे यांची चित्रे दाखविली, तरी पूर्वी आपल्याला काही वाटत असे आणि आता वाटत नाही, इतकेच तो सांगू शके. ज्याला कशाचेच काही वाटत नाही, त्याला काय महत्त्वाचे हेही ठरविता येत नाही, हा यातून दमासिओ यांनी काढलेला निष्कर्ष मला पटतो. मात्र निर्णयाला भावनेचे बळ लागते, एवढेच यावरून सिद्ध होते. भावनांची एक निराळी, मोजता येण्याजोगी बुद्धी आहे, हे सिद्ध होण्यास आणखी पुरावा हवा.

या वादाची खरी अडचण कोठे आहे, हे एका तलाठ्याच्या चावडीत पाहिलेल्या प्रसंगाने माझ्या नीट लक्षात आले. नवऱ्याच्या पश्चात वारसनोंदीचा अर्ज करण्यासाठी एक वृद्ध बाई आली होती. अर्ज लिहून देणाऱ्या तरुण मदतनिसाने विचारले, “मयताचे नाव?” बाईंनी पदर पुढे ओढला आणि खाली पाहिले. त्याला वाटले, त्यांना ऐकू येत नसावे; त्याने तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारला, पुन्हा विचारला. शेजारी दप्तर चाळत बसलेल्या वयस्क तलाठ्याने काही न बोलता बाईंच्या हातातील मृत्यूचा दाखला घेतला, त्यावरचे नाव हलक्या आवाजात वाचले आणि विचारले, “हेच ना, आजी?” बाईंनी मान हलवली. मग त्याने मुलाला पाणी आणावयास पाठवले, अंगठ्याची पेटी बाजूला सारली आणि विचारले, “थोरला काय करतो तुमचा?” बाई बोलू लागल्या. आयुष्यभर जे नाव त्यांनी उखाण्याखेरीज उच्चारले नव्हते, ते भरल्या कचेरीत ‘मयत’ म्हणून उच्चारण्याची पाळी त्यांच्यावर आली होती, हे त्या तलाठ्याने ओळखले होते.

आता या माणसापाशी जे होते, त्याला काय म्हणावे? सॅलोव्हे-मेयर यांच्या चार अंगांपैकी निदान तीन येथे स्पष्ट दिसतात. परंतु ध्येयनिश्चितीवरील संशोधनासाठी विख्यात असलेले एडविन लॉक येथे हरकत घेतील. २००५ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी ही संकल्पनाच ग्राह्य नाही असा निकाल दिला. त्यांचे म्हणणे असे, की तिची व्याख्या इतकी फुगली आहे की तिच्यात काय येत नाही हे सांगणे कठीण; आणि जे काही खरोखर बुद्धीचे आहे, ते सामान्य बुद्धीच होय, फक्त या खेपेस तिचा विषय भावना हा आहे. विषय बदलला म्हणून बुद्धीची नवी जात निर्माण होत नाही. दुसरा कोणी म्हणेल, तलाठी स्वभावानेच मायाळू असेल; तिसरा म्हणेल, चावडीत तीस वर्षे काढल्यावर हे कोणालाही साधेल. या तिन्ही हरकती वजनदार आहेत आणि भावनिक बुद्धिमत्तेचे पुरस्कर्ते त्यांना पुरेसे उत्तर न देताच पुढे जातात, ही माझी तक्रार आहे.

लॉक यांचा युक्तिवाद मात्र मला शेवटपर्यंत नेता येत नाही. शब्दांवरील प्रभुत्व, आकृतींची जाण, संख्यांची गती ही सामर्थ्येही सामान्य बुद्धीशी निगडित असतात, तरी त्यांना आपण निरनिराळी नावे देतो, कारण एकात तरबेज असलेला दुसऱ्यात कच्चा असू शकतो. २०१४ साली कॅरोलिन मॅककॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धीच्या इतर कसोट्यांबरोबर भावनिक कसोट्या घेऊन हेच तपासले, तेव्हा भावनाविषयक सामर्थ्य हे सामान्य बुद्धीच्या छत्राखालील अशीच एक शाखा ठरते, असे त्यांना आढळले. त्या मर्यादित अर्थाने मी ही कल्पना मानतो.

मोजदादीचा प्रश्न याहून बिकट आहे. बाजारात दोन प्रकारच्या कसोट्या आहेत. एका प्रकारात ‘दुसऱ्याच्या भावना मला चटकन कळतात’ अशा विधानांशी आपण कितपत सहमत आहोत, हे उमेदवाराने स्वतःच नोंदवायचे असते. रूव्हेन बार-ऑन यांची १९९७ मधील प्रश्नावली या जातीची आहे. चावडीतल्या त्या तरुणाला ही प्रश्नावली दिली असती, तर आपल्याला काही कळले नाही हेच न कळल्यामुळे त्याने स्वतःला पुरते गुण दिले असते. दुसऱ्या प्रकारात खरीखुरी उदाहरणे सोडवावी लागतात. मेयर, सॅलोव्हे आणि डेव्हिड कारुसो यांच्या २००२ मधील १४१ प्रश्नांच्या कसोटीत एक छायाचित्र पुढे येते आणि या चेहऱ्यावर आनंद किती, भीती किती, हे एक ते पाच या श्रेणीत सांगावयाचे असते. दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात, पण एकाच माणसांवर दोन्ही घेतले तर त्यांतील सहसंबंध ०.२१ इतका क्षीण आढळला. दोन मापे एकच वस्तू मोजत असती, तर असे झाले नसते.

शिवाय त्या छायाचित्राचे बरोबर उत्तर ठरवायचे कोणी? गणिताला पडताळा असतो. येथे एक रीत अशी, की हजारो लोकांनी जे उत्तर दिले ते बरोबर. दुसरी अशी, की भावनांचा अभ्यास करणाऱ्या एकवीस तज्ज्ञांनी दिले ते बरोबर. पहिल्या रीतीत, बहुसंख्यांना जे दिसत नाही ते पाहणारा सूक्ष्मदर्शी माणूसच नापास होण्याचा संभव आहे. दुसरीत, त्या एकवीस जणांच्या समाजाची रीत हीच साऱ्या जगाची रीत मानली जाते. पदर पुढे ओढून खाली पाहणाऱ्या बाईचा अर्थ त्यांच्यापैकी किती जणांना लागला असता? बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या आपल्याकडे आल्या, तेव्हा डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी त्या जशाच्या तशा न स्वीकारता मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतल्या आणि १९४० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ती मेहनत आणि तो संकोच आज भावनिक कसोट्या विकणाऱ्यांत दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

फलिताचा हिशेबही पाहिला पाहिजे. २०१० साली डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. बुद्धी आणि स्वभाव यांचा वाटा वजा केल्यावर भावनिक सामर्थ्याची भर फारशी उरत नाही. जेथे माणसांच्या भावनांना सतत सामोरे जावे लागते अशा कामांत तेवढी ती उपयोगी पडते, असे त्यांना दिसले. परिचारिका, गिऱ्हाइकांशी बोलणारे नोकर आणि आमचा तलाठी यांची कामे या जातीची होत. २०२० मधील आणखी एका आढाव्यात १५८ अभ्यास आणि ४२ हजारांहून अधिक विद्यार्थी समाविष्ट होते. त्यात भावनिक बुद्धिमत्ता आणि परीक्षेतील यश यांचा सहसंबंध सुमारे ०.२० आढळला. गणिताच्या भाषेत याचा अर्थ असा, की विद्यार्थ्यांच्या यशातील तफावतीपैकी शेकडा चार इतक्याच भागाशी तिचा संबंध पोचतो. हा वाटा नगण्य नाही. पण शेकडा ऐंशीच्या दवंडीशेजारी तो मांडून पाहावा.

आणखी एक गोष्ट मला निक्षून सांगावीशी वाटते. दुसऱ्याच्या मनातले ओळखणारा माणूस चांगला असतोच, असे नाही. २०११ साली स्टेफान कोते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की भावनांच्या नियमनाचे ज्ञान नीतिनिष्ठ माणसाला अधिक परोपकारी करते आणि कपटी माणसाला सहकाऱ्यांचा पाय ओढण्यात अधिक तरबेज करते. आपल्याकडे भरतमुनींनी आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक अशा एकोणपन्नास भावांची गणना केली, ती नटासाठी. आणि गीतेतील स्थितप्रज्ञ हा भाव ओळखण्यात पटाईत म्हणून नव्हे, तर रागद्वेषांतून सुटलेला म्हणून थोर ठरतो. म्हणूनच ‘हे सारे आमच्याकडे पूर्वीच होते’ असे म्हणण्याची घाई करू नये. आपल्या परंपरेने कौशल्य आणि शील यांची खाती वेगळी ठेवली होती. आजचा बाजार ती एकत्र करू पाहतो.

भावना ओळखायला, त्यांना नाव द्यायला आणि त्या आवरायला मुलांना शिकवावे, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की भावनिक बुद्धिमत्तेच्या आकड्यावरून कोणाला प्रवेश नाकारण्यापूर्वी किंवा नोकरीतून वगळण्यापूर्वी कसोटी विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: उत्तरे बरोबर की चूक हे कोणी ठरवले, ही कसोटी मराठी माणसांवर पडताळून पाहिली आहे काय, आणि बुद्धी व स्वभाव यांच्या कसोट्यांहून ती अधिक काय सांगते? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत तो आकडा कोणाच्याही सेवापुस्तकात किंवा प्रगतिपत्रकात चढवू नका.