बावड्याचे पाणी, शिरोळचा ऊस
कोल्हापूर शहराच्या मोऱ्या आणि गटारांचे पाणी मुख्यतः दोन नाल्यांत उतरते, जयंती आणि दुधाळी. जयंती नाल्याचे मैलापाणी पंपांनी उपसून कसबा बावड्याला नेतात. तिथे महापालिकेचे 76 एमएलडीचे, म्हणजे रोज 7 कोटी 60 लाख लिटर पाणी शुद्ध करू शकणारे केंद्र आहे. दुधाळीचे केंद्र 17 एमएलडीचे.

बावड्यात चालणाऱ्या पद्धतीला एसबीआर म्हणतात. आधी जाळ्यांवर प्लास्टिक आणि चिंध्या अडवतात, मग वाळू खाली बसवतात. पुढचे काम जिवाणूंचे. एकाच टाकीत पाणी भरायचे, खालून हवा सोडायची, हवा थांबवून गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळ काढून घ्यायची, हे चक्र दिवसरात्र फिरते. हवा मिळाली की जिवाणू मैल्यातले सेंद्रिय द्रव्य खातात. हवा थांबली की नायट्रेटमधले बरेचसे नत्र वायू होऊन निघून जाते. ही हवा विजेवरचे ब्लोअर सोडतात, त्यामुळे इथे विजेला फार किंमत आहे. ब्लोअर बराच वेळ बंद राहिले तर जिवाणू गुदमरतात आणि टाकी पुन्हा लयीत यायला दिवस लागतात. जोराच्या पावसात तर नाला पंपांना आवरत नाही. मग प्रक्रिया न झालेले पाणी थेट पंचगंगा नदीत जाते.

शुद्ध झालेले पाणीही पंचगंगेतच जाते, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. नदीवर खाली सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. फळ्या घातल्या की पाणी तुंबते आणि काठावरच्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी ते उसाला चढवतात. म्हणजे शहराच्या सांडपाण्यावर शेती आपण आजच करतो आहोत, फक्त कोणी तिला तसे म्हणत नाही.

दोन्ही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली तर वर्षाला सुमारे 1.2 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होते. राधानगरी धरणाचा साठा 8.36 टीएमसी, त्याचा हा सातवा हिस्सा. उसाला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी धरले तर यावर सतराशे हेक्टर ऊस निघेल, पाऊस आणि ठिबक जमेस धरल्यास त्याहून जास्त. शिवाय 2023 च्या दिवाळीत दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन शहरात पोचली. दूधगंगा एरवी पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. आता तिचे पाणी कोल्हापूरच्या नळांतून आणि नाल्यांतून पंचगंगेच्या खोऱ्यात उतरते. पंचगंगाकाठच्या शेतीला ही सरळसरळ नवी आवक आहे, आणि ती उन्हाळ्यातही चालू राहते. उन्हाळ्यात एकेका पाळीवर पीक तरते, तेव्हा या आवकेकडे घाण म्हणून पाठ फिरवणे मला परवडणारे वाटत नाही.

पुण्याने हे उघडपणे केले. मुंढव्याच्या जॅकवेलमधून मुळामुठेचे पाणी उचलून बेबी कालव्याने हवेली आणि दौंडकडे द्यायची व्यवस्था झाली. तिथला मुख्य वाद पाण्याच्या प्रतीवरून आहे. नीट शुद्ध न झालेले पाणी कालव्यात आले की काठच्या विहिरींना वास येतो.

आपल्याकडे ऊस असणे ही जमेची बाजू. त्याचा रस उकळल्यावरच साखर किंवा गूळ होतो, त्यामुळे जंतूंचा धोका खाणाऱ्यापेक्षा सरीत अनवाणी उतरणाऱ्याला जास्त. गमबूट आणि ठिबक यांनी तो बराच कमी होतो. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीची गोष्ट वेगळी. कोथिंबीर, काकडी, मुळा यांना हे पाणी देऊ नये. इचलकरंजीने 2012 मध्ये काविळीची साथ सोसली आहे, दूषित पाण्याबद्दल इथे कोणाला समजावायला नको.

मात्र प्रक्रियेने मीठ जात नाही. साबण आणि डिटर्जंटमधले सोडियम निवळीबरोबर शेतात येते. शिरोळ तालुक्यात भारी काळ्या जमिनी आधीच क्षारपड झाल्या आहेत आणि त्या सुधारायला भूमिगत निचऱ्याच्या नळ्या घालाव्या लागत आहेत. अशा रानात हे पाणी निचऱ्याशिवाय सोडणे म्हणजे रान घालवणे. नत्राचेही तसेच. पाण्यातून थोडे नत्र मिळते म्हणून युरियाची मात्रा कमी करायला हवी. तोडणीच्या तोंडावर उसाला जादा नत्र मिळाले तर साखरेचा उतारा पडतो आणि गुऱ्हाळावर गूळ नीट बसत नाही.

केंद्रावर बीओडी आणि सीओडी ही घाणीची मापे मोजतात, ती नदीसाठी. शेतकऱ्याला लागतात सोडियम, एकूण क्षार आणि नत्राचे आकडे. लावणीच्या आधी ते बावड्याहून प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेच्या कार्यालयात पोचले पाहिजेत, म्हणजे कोणत्या रानाला पाणी द्यायचे आणि खत किती कमी करायचे ते तिथेच ठरवता येईल.