'ऑफ झाले' की 'पास्ड अवे'?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील आपल्या कुटुंबांत पहाटे दूरध्वनी खणखणतो आणि पलीकडून तीनच शब्द ऐकू येतात : 'काका ऑफ झाले.' गुजरातीतील 'ऑफ थई गया' या प्रयोगाचे हे मराठी रूप. ऐकणाऱ्यास अर्थ तत्काळ कळतो. इंग्रज मनुष्यास मात्र तो कळणार नाही. त्याच्या भाषेत दिवा 'ऑफ' होतो. दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासते, गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो. निधनासाठी तो 'पास्ड अवे' म्हणतो.

'पास' म्हणजे पुढे जाणे, 'अवे' म्हणजे दूर. दोन्ही एकत्र आले की अर्थ होतो निधन पावणे. अशा जोडक्रियापदांत मागचा लहानसा शब्द बदलला की सारा अर्थ पालटतो. 'पास ऑन' म्हणजे निधन पावणे, तसेच निरोप पुढे पोहोचविणे. 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणे, किंवा आपल्याकडील रूढ अर्थाने पदवी घेऊन बाहेर पडणे. शोकसंदेशात घाईने 'अवे'ऐवजी 'आउट' लिहिले गेले, तर दुःखाच्या प्रसंगी अनर्थ होतो. 'इज पास्ड अवे' हेही अशुद्धच. काल निधन झाले असेल तर 'पास्ड अवे यस्टरडे' एवढेच पुरे. तेथे 'हॅज' नको. 'एक्स्पायर्ड' हा शब्द मृत्यूसाठी चूक नाही, परंतु औषधाची वा विम्याची मुदत संपल्याची आठवण करून देतो.

सौम्य शब्द शोकसंदेशात शोभतात. कागदपत्रांत स्पष्टता हवी. बँकेच्या दाव्याच्या अर्जात 'डाइड ऑन' लिहून दाखल्यावरील तारीखच द्यावी; मृत खातेदारास तेथे 'डिसीज्ड' म्हणतात. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांत करावयाची असते, हेही घरातील एकाने ध्यानी ठेवावे.

साधु-साध्वींच्या देहत्यागास आपण 'कालधर्म' म्हणतो, गृहस्थासाठी 'देवलोकगमन' किंवा 'अरिहंतशरण'. या सर्व शब्दांमागे एकच श्रद्धा आहे : देह सुटतो, आत्मा पुढील प्रवासास निघतो. 'ऑफ' या शब्दात विझणे आहे. 'पास्ड अवे'मध्ये जाणे आहे. म्हणून परकीय असूनही तो शब्द आपल्या श्रद्धेस अधिक जवळचा. आणि इंग्रजी नकोच असेल, तर आपल्या आजीच्या तोंडचा साधा शब्द आहेच : काका गेले.