घाव मेंदूवर, मूळ हृदयात

मनगटावर बोटं ठेवून पाहा: नाडी तालात चालते की ठोके चुकतात? हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले, की तिथे रक्त साकळतं. ती गुठळी सुटून मेंदूच्या धमनीत अडकली, की पक्षाघात!

हा धोका मोजला अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ फिलिप वुल्फ यांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ रहिवाशांच्या हृदयाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. त्यांतून वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की संधिवातज्वरानं झडपा बिघडलेल्या नसल्या, तरी अशा थरथरीमुळे पक्षाघाताचा धोका पाचपटीहून जास्त वाढतो. म्हणूनच आज अशा अनेक रुग्णांना गुठळी रोखणारी औषधं देतात.