अनधिकाऱ्याची लेखणी

नेवाशास प्रवरेच्या परिसरांत ज्ञानेश्वरांचें मंदिर आहे. तेथें एक दगडी खांब जपून ठेविलेला असून भाविक त्यालाच नमस्कार करितात. त्यास ‘पैस’ म्हणतात. या खांबाशीं टेकून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. जन्मशक ११९७ धरला तर सांगणाराचें वय त्या वेळीं अवघें पंधरा वर्षांचें होतें. संन्याशाचीं मुलें म्हणून या भावंडांस समाजानें दूर ठेविलें होतें. शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार कोणीं आपण होऊन त्यांच्या हातीं दिलेला नव्हता.

असल्या अलौकिक पुरुषाचें उदाहरण सामान्य माणसानें आपल्या सोयीसाठीं पुढें करूं नये, हें खरें. तथापि त्यांची एक रीत कोणासही उचलतां येण्याजोगी आहे. ग्रंथाच्या आरंभींच ते आपली तुलना चोंचीनें समुद्र मोजूं पाहणाऱ्या टिटवीशीं करितात. आणि शेवटीं, आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना रस्ता विचारीत चाललों आहोंत, असें मोकळेपणानें सांगतात. आपण कोठें उभे आहोंत आणि कोणाच्या आधारानें चाललों आहोंत, हें त्यांनीं वाचकापासून लपविलें नाहीं.

आज पुष्कळ सुशिक्षित घरांत याच्या उलट प्रकार दिसतो. एखाद्या गृहिणीस आजेसासूच्या हातचीं औषधी लोणचीं, सणावारांच्या चाली, ओव्या म्हणण्याच्या वेळा लिहून ठेवाव्याशा वाटतात. एखाद्या पेन्शनरास आपल्या खात्याचें काम पूर्वी कसें चाले, तें सांगावेंसें वाटतें. वही उघडली जाते, दोन पानें लिहून होतात, आणि मग मनांत प्रश्न येतो, “आपला यांत अधिकार काय?” वही मिटते ती कायमची. इकडे, ज्यांना हा प्रश्न कधींच पडत नाहीं, ते मात्र प्रत्येक विषयावर निःशंकपणें लिहीत सुटतात. मजकूर लोकांपुढें ठेवण्यास आतां छापखान्याचीहि गरज उरलेली नाहीं. जाणता गप्प आणि अर्धवट बोलका, अशी स्थिति झाली म्हणजे समाजाचें नुकसान दुहेरी होतें.

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वी ‘अधिकार’ शब्दाची फोड केली पाहिजे. एक अधिकार अभ्यासाचा, दुसरा साक्षीचा. नेवाशाच्याच लाडमोड टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखालीं १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन झालें. अश्मयुगापासून मुसलमानी अमदानीपर्यंतच्या वस्तीचे थर त्यामुळें उजेडांत आले. खापराचा तुकडा कोणत्या थरांतला आणि किती जुना, हें सांगणें अभ्यासकाचें काम. तेथें इतरांनीं त्यालाच विचारावें. परंतु प्रवरेला पूर आला तेव्हां पाणी आपल्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत चढलें, हें त्या घरांतील माणसावांचून दुसरा कोण सांगणार? तें त्यानें लिहिलें नाहीं, तर तें कोणत्याच थरांत सांपडणार नाहीं.

साक्षीच्या अधिकाराचीं दोन उदाहरणें मराठींत प्रसिद्ध आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक. दक्षिणेच्या आशेनें ते उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. झांशीच्या वेढ्याच्या वेळीं ते शहरांतच होते. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं ही हकीकत लिहिली, आणि चिंतामणराव वैद्यांनीं ती १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें प्रसिद्ध केली. गोडसे इतिहासकार नव्हते. ऐकीव गोष्टींत त्यांची चूक होते. तरीही झांशींत त्यांनीं जें डोळ्यांनीं पाहिलें, त्यासाठीं इतिहासकारांना त्यांच्या दारीं जावें लागतें.

दुसरें उदाहरण मुक्ता साळवे हिचें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्याच्या शाळेंतील ही मांग समाजांतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयींचा तिचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त छापला गेला. हें पत्र १८४२ सालीं अहमदनगराहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगराहून, निघूं लागलें होतें. त्या काळचे मोठमोठे पंडित अस्पृश्यतेवर शास्त्राधार काढूं शकले असते. डोक्यावर छप्पर नसतां बाळंत होणाऱ्या बाईचे हाल त्यांना ठाऊक नव्हते, ते त्या मुलीला ठाऊक होते. तिला तज्ज्ञ होईपर्यंत थांबावयास सांगितलें असतें, तर तो निबंध लिहिलाच गेला नसता.

साक्षीदारास मात्र पथ्यें पाळावीं लागतात. पाहिलेलें, ऐकलेलें आणि तर्कानें काढलेलें, या तीन गोष्टींची सरमिसळ होऊं देऊं नये. “आजी सांगत असे” हे तीन शब्द लिहिल्यानें लेखकाचें वजन घटत नाहीं. वाचकाला त्या विधानाचें वजन कळतें. ज्याच्या ग्रंथांतून माहिती घेतली त्याचें नांव घ्यावें. चूक कोणीं दाखविली तर ती पुढच्याच लेखांत कबूल करावी. आणि जेथें चुकीनें दुसऱ्याचा जीव किंवा संसार धोक्यांत येतो, तेथें थांबावें. आपला ताप कशानें उतरला हें सांगणें निराळें, आणि दुसऱ्यानें कोणतें औषध घ्यावें हें सांगणें निराळें. आजेसासूचें लोणचें कसें घालीत तें अवश्य लिहावें; त्यानें अमुक रोग बरा होतो, एवढें मात्र वैद्यावर सोपवावें.

आरंभ लहान असावा. गांवाचा इतिहास लिहावयास बसूं नये. आपल्या आळींतल्या विहिरीविषयीं एक पान लिहावें. आठवड्यास एक पान म्हटलें तरी वर्षाला बावन्न पानें होतात. लिहितां लिहितां आपल्याला काय ठाऊक नाहीं तें कळूं लागतें, माणूस चार जणांना विचारूं लागतो, जुने कागद धुंडाळतो, आणि ज्या अधिकारासाठीं तो अडून बसला होता, त्याचा थोडा अंश त्याच्याकडे चालत येतो.

नेवाशाच्या त्या खांबावर एक जुना कोरीव लेख आहे. देवापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठीं कोणीं दिलेल्या दानाची ती नोंद आहे. कोरविणारानें त्यांत तत्त्वज्ञान सांगितलें नाहीं. दिव्याला तेल कोठून येणार, एवढेंच नोंदविलें. शेंकडों वर्षांनंतर तीहि नोंद अभ्यासक मन लावून वाचतात.