बोलायला पुढे, ऐकायला मागे

२२ नोव्हेंबर २००१. व्हॅटिकनच्या क्लेमेंटाइन सभागृहात टेबलावर एक लॅपटॉप मांडला होता. पोप जॉन पॉल दुसरे तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि हाताचा कंप लपत नव्हता. त्यांनी कळ दाबली आणि ओशनियातल्या ख्रिस्तसभेसाठी लिहिलेला त्यांचा दस्तऐवज ईमेलने रवाना झाला. पोपने असा अधिकृत दस्तऐवज इंटरनेटवरून धाडण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे लॅपटॉपचीही चर्चा झाली. त्या दस्तऐवजात काही धर्मगुरू आणि व्रतस्थांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांचा उल्लेख होता आणि बळी पडलेल्यांची बिनशर्त माफीही मागितली होती. 

जेमतेम दीड महिन्याने, ६ जानेवारी २००२ रोजी, ‘बोस्टन ग्लोब’ने आपल्या शोधमालिकेचा पहिला भाग छापला. एका धर्मगुरूविरुद्ध तक्रारींवर तक्रारी येत असताना धर्मप्रांताने त्याला शिक्षा करण्याऐवजी एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले, हे त्यात कागदपत्रांनिशी होते. त्याच्या वीस वर्षे आधी अशी बातमी त्या शहरातच जिरली असती. आता ती इंटरनेटवरून देशोदेशी वाचली गेली आणि ठिकठिकाणचे पीडित बोलते झाले. १३ डिसेंबर २००२ रोजी बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये काही जणांनी ‘बिशप अकाउंटॅबिलिटी’ ही वेबसाइट सुरू केली. अत्याचारांच्या प्रकरणांतले कागद आणि बातम्या गोळा करून सर्वांसाठी खुल्या ठेवणे एवढेच तिचे काम.

गेल्या तीसेक वर्षांचा हिशेब मांडला तर व्हॅटिकनने प्रत्येक नवे माध्यम वेळेवर, कधी कधी वेळेआधीच हाती घेतलेले दिसते. अडखळले ते दर वेळी एकाच जागी. माध्यम घेतले ते बोलण्यासाठी, ऐकण्यासाठी घ्यायचे राहून गेले. ज्या नेत्याच्या हे ध्यानात आले तो सावरला. ज्याच्या आले नाही, त्याची पत गेली, प्रसंगी खुर्चीही.

यंत्रांचे वावडे कधीच नव्हते

चर्च म्हणजे जुन्याला चिकटून बसणारी संस्था, असे सरसकट म्हटले जाते. यंत्रांच्या बाबतीत ते खरे नाही. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला, तो खुद्द मार्कोनी यांनी उभारून दिलेला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले आणि १९६७ पासून दरवर्षी जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळला जाऊ लागला. १९९५ च्या नाताळात व्हॅटिकनची वेबसाइट आली. तिच्यामागे अमेरिकन फ्रान्सिस्कन संन्यासिनी सिस्टर ज्युडिथ झोबेलाइन होत्या आणि तिचे तीन सर्व्हर राफाएल, मायकेल आणि गॅब्रिएल या देवदूतांच्या नावांनी ओळखले जात.

मराठी ख्रिस्ती वाचकाला याचे नवल वाटायला नको. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरहून निघाला आणि कॅथलिकांचे ‘निरोप्या’ १९०३ पासून निघते आहे. छापखाना हाताशी आला की तो वापरायचा, ही मिशनरी सवय जुनीच आहे.

पण छापखाना, रेडिओ आणि सुरुवातीची वेबसाइट या तिघांचा स्वभाव भोंग्याचा होता. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. ब्लॉग आले आणि ही सोय संपली. डिसेंबर २००४ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉको पाल्मो या विशीतल्या तरुणाने ‘व्हिस्पर्स इन द लॉजिया’ हा ब्लॉग सुरू केला. कोणत्या धर्मप्रांताला कोण बिशप मिळणार, हे अधिकृत घोषणेआधीच तिथे वाचायला मिळू लागले आणि बिशपमंडळी स्वतःही तो ब्लॉग उघडू लागली. सप्टेंबर २००६ मध्ये बोस्टनच्या कार्डिनल शॉन ओमॅली यांनी रोमच्या दौऱ्यात स्वतःचा ब्लॉग लिहायला घेतला. ब्लॉग लिहिणारे पहिले कार्डिनल म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. लॉ यांच्यानंतर बोस्टनला आलेले हेच ओमॅली. ज्या धर्मप्रांतात लपवाछपवीने लोकांचा विश्वास उडाला होता, तिथल्या बिशपाला आपला दिनक्रम लोकांसमोर मांडावासा वाटला, यात त्यांची समज दिसते.

जानेवारी २००९ मधले चार दिवस

या साऱ्या काळातला सर्वात मोठा धडा चार दिवसांत मिळाला. त्या तारखा ओळीने पाहाव्यात अशा आहेत.

२१ जानेवारी २००९ : आर्चबिशप लफेव्र यांनी १९८८ साली रोमची परवानगी न घेता अभिषेक केलेल्या चार बिशपांवरची धर्मबहिष्काराची शिक्षा मागे घेणाऱ्या आदेशावर ही तारीख पडली. त्याच दिवशी स्वीडिश टीव्हीवर त्या चौघांपैकी रिचर्ड विल्यमसन यांची मुलाखत दाखवली गेली. नाझींच्या गॅस चेंबरमध्ये ज्यू मारले गेलेच नाहीत, छळछावण्यांत फार तर दोन-तीन लाख ज्यू मेले असतील, असे ते त्यात म्हणत होते. २३ जानेवारी : व्हॅटिकनच्या यूट्यूब वाहिनीचे पत्रकार परिषदेत थाटात उद्घाटन झाले. २४ जानेवारी : शिक्षा मागे घेतल्याचे जाहीर झाले.

जर्मन पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत हे घडावे, याचा अर्थ जगाला सांगावा लागला नाही. ज्यू संघटना संतापल्या. जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांनी पोपने भूमिका स्पष्ट करावी, असे जाहीरपणे म्हटले. विल्यमसन यांची मते काही गुपित नव्हती. ते स्वतः ब्लॉग लिहीत आणि पूर्वीही अशीच विधाने करून चुकले होते. पोपच्या कार्यालयात कोणी त्यांचे नाव सर्च इंजिनमध्ये टाकून पाहिले असते तरी पुरले असते. ज्या आठवड्यात व्हॅटिकनने यूट्यूबवर बोलायला सुरुवात केली, त्याच आठवड्यात त्याने इंटरनेट वाचले नव्हते हे उघड झाले.

यानंतर जे झाले ते जास्त महत्त्वाचे. १० मार्च रोजी बेनेडिक्ट सोळावे यांनी जगभरच्या बिशपांना पत्र लिहिले. इंटरनेटवरची माहिती पाहिली असती तर हा प्रश्न वेळीच कळला असता, असे मला सांगण्यात आले आहे, यापुढे या स्रोताकडे जास्त लक्ष द्यावे लागेल, असे त्यांनी त्यात मान्य केले. निर्णयाचा आवाका आणि मर्यादा नीट समजावून सांगितल्या नाहीत, हेही कबूल केले. कागद-पेन्सिलीने लिहिणाऱ्या, ८२ व्या वर्षाकडे झुकलेल्या प्राध्यापकी वळणाच्या पोपने कोणत्याही सहायकाच्या माथी खापर न फोडता हे लिहिले. तंत्रज्ञानाची आवड आणि डोळस नेतृत्व यांचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही, याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही.

पुढच्या काही वर्षांत त्याचे पडसाद दिसले. २ मे २०११ रोजी, जॉन पॉल यांना धन्यवादित घोषित केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, व्हॅटिकनने दीडशे ब्लॉगरांना बोलावून घेतले. त्यांत गोडगोड लिहिणारेही होते आणि टीका करणारेही. १२ डिसेंबर २०१२ रोजी पोपच्या ट्विटर खात्यावरून पहिला संदेश गेला. दोन महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, बेनेडिक्ट यांनी राजीनामा जाहीर केला तो मात्र कार्डिनलांच्या बैठकीत, लॅटिनमध्ये. आन्सा वृत्तसंस्थेच्या जोव्हाना किर्री यांना लॅटिन येत होते, म्हणून ती बातमी जगाला सर्वांत आधी त्यांच्याकडून कळली. ट्विटरच्या जमान्यातली एवढी मोठी बातमी शेवटी कान देऊन ऐकणाऱ्या एका पत्रकाराच्या हाती लागली.

पुसलेल्या दोन ओळी

पोप फ्रान्सिस यांच्या काळात माध्यमांशी नाते सैल झाले. विमानातल्या पत्रकार परिषदांत ते मोकळेपणाने बोलत, तरुणांच्या सेल्फीत उभे राहत. १९ मार्च २०१६ रोजी ते इन्स्टाग्रामवर आले. त्याआधी, २०१५ मध्ये, रेडिओ, टीव्ही, वृत्तपत्र आणि वेबसाइट ही विखुरलेली खाती एका छत्राखाली आणून मॉन्सिन्योर दारिओ विगानो यांच्याकडे सोपवण्यात आली होती.

जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सिस यांचा वार्षिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश आला. विषय होता खोट्या बातम्या. आणि मार्चमध्ये विगानो यांच्याच खात्याने एक फोटो प्रसिद्ध केला. फ्रान्सिस यांच्या धर्मचिंतनावरच्या अकरा पुस्तिकांच्या संचाविषयी निवृत्त पोप बेनेडिक्ट यांनी लिहिलेल्या पत्राचा तो फोटो. पहिल्या पानाच्या तळाशी दोन ओळी धूसर केलेल्या. दुसरे पान पुस्तिकांच्या गठ्ठ्याखाली झाकलेले, दिसत होती फक्त सही. फ्रान्सिस यांच्याविषयीचा चांगला मजकूर वाचता येत होता. त्या पुस्तिका आपण वाचलेल्या नाहीत, हे बेनेडिक्ट यांचे म्हणणे मात्र झाकले गेले होते. असोसिएटेड प्रेसने ही हातचलाखी उघडी पाडली, पूर्ण पत्र बाहेर आले आणि २१ मार्चला विगानो यांचा राजीनामा स्वीकारला गेला. जुलैमध्ये त्यांच्या जागी पाओलो रुफिनी आले. व्हॅटिकनच्या एवढ्या मोठ्या खात्यावर नेमले गेलेले ते पहिले प्रापंचिक, पेशाने पत्रकार.

दोन ओळी पुसण्याने काय साधले असते? फार तर एका पुस्तकसंचाची जाहिरात. पण आपण दाखवू तेवढेच लोक पाहतील, हा जुना समज त्या फोटोत आयता सापडतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालकांच्या संरक्षणासाठी जगभरच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांची बैठक रोममध्ये भरली. तिच्या आयोजकांत मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस होते. बैठकीत मेक्सिकोच्या पत्रकार व्हालेंतिना अलाझराकी यांनी बिशपांना तोंडावर सुनावले : अत्याचार करणाऱ्यांच्या आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्यांच्या विरोधात तुम्ही उभे राहिलात तर आपण एका बाजूचे, नाहीतर आम्ही तुमचे सर्वांत कट्टर शत्रू ठरू. दशकानुदशके व्हॅटिकनच्या बातम्या देणाऱ्या बाईंना व्यासपीठ देऊन बिशपांनी खाली बसून ऐकायचे, ही मांडणीच बोलकी होती.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, कोविडच्या पहिल्या लाटेत, फ्रान्सिस पावसात भिजलेल्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे चालत आले. त्या प्रार्थनेला जगभर जो प्रतिसाद मिळाला, तो कुठल्याही प्रसिद्धी मोहिमेने मिळाला नसता. लोक ज्या भीतीत होते तिचे भान बोलणाऱ्याला आहे, हे पाहणाऱ्याला जाणवत होते. त्याच वसंतात मुंबई-वसईपासून मॅनिलापर्यंतच्या धर्मगुरूंनी रिकाम्या चर्चमध्ये मोबाइलसमोर मिस्सा साजरी केली. मोबाइल स्टँडवर कसा बसवायचा, हे अनेकांना धर्मग्रामातल्या पोरांनी शिकवले.

टाळ्या म्हणजे ऐकणे नव्हे

यानंतरचा धोका वेगळा होता. सोशल मीडियावर नेत्याला ऐकू येते ते बहुधा आपल्याच चाहत्यांचे. मे २०२३ मध्ये टेक्सासमधल्या टायलरचे बिशप जोसेफ स्ट्रिकलंड यांनी पोप फ्रान्सिस श्रद्धेचा ठेवा पोखरत आहेत, असे ट्विटरवर लिहिले. त्यांना हजारोंनी उचलून धरले. नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनने त्यांना पदावरून दूर केले. कारण अधिकृतपणे सांगितले गेले नाही, पण तोवर टायलरचा बिशप टायलरबाहेरच्या अनुयायांचा पुढारी झाला होता, हे दिसतच होते. त्याच मे महिन्यात व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम खात्याने सोशल मीडियावर एक चिंतनपत्र काढले होते. त्यात दयाळू शोमरोनीचा दाखला धरून सुचवले होते की बिशप, पाळक आणि पुढारी हेही उथळ आणि फूट पाडणाऱ्या वादांत ओढले जातात. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सिस यांच्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशाचा विषयच मुळी ‘अंतःकरणाच्या कानाने ऐकणे’ हा होता.

८ मे २०२५ रोजी लिओ चौदावे पोप झाले आणि काही तासांतच त्यांच्या पूर्वीच्या नावाचे ट्विटर खाते लोकांनी उकरून काढले. स्थलांतरितांच्या प्रश्नावर अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांच्यावर टीका करणारे लेख तिथून पुढे धाडलेले होते. विल्यमसन प्रकरणात जे एकाही अधिकाऱ्याने केले नव्हते, ते सोळा वर्षांनी जगभरच्या वाचकांनी एका संध्याकाळीच केले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस व्हॅटिकनने डिजिटल मिशनरी आणि कॅथलिक इन्फ्लुएन्सर यांचा मेळावा भरवला. मजकुराचा रतीब घालणे एवढेच तुमचे काम नाही, माणसांची मने भेटली पाहिजेत, असे लिओ यांनी त्यांना सांगितले.

आपल्याकडे याचा अर्थ लावायला रोमला जावे लागत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात वसईच्या ‘सुवार्ता’चे संपादन केले, तेव्हा ते चर्चच्या सूचनांचे मासिक राहिले नाही. हरित वसईच्या लढ्यात लोक जे बोलत होते ते त्यात आले, कारण संपादक त्या लोकांत होता. तेव्हा ना ट्विटर होते ना यूट्यूब. आज बहुतेक धर्मग्रामांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत मेसेज टाकण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनला असते. मिस्साच्या वेळा, सणाचे कार्यक्रम, शोकवार्ता सगळे वेळेवर येते. कोणाला काही विचारायचे असेल, कोणाची तक्रार असेल, तर तिथे जागा नसते. गोंगाट टाळायला ही सोय बरी, हे मान्य. पण मग ती तक्रार दुसऱ्या ग्रुपवर जाते आणि धर्मगुरूंना ती सर्वांत शेवटी कळते. हे सेटिंग बदलायला पोपचे आदेशपत्र लागत नाही. उलटसुलट ऐकून घ्यायची तयारी असली तर ते आजही बदलता येईल.