लेखणीची पेटी कशी निवडावी?

मुंज, परीक्षेंतील यश, विवाह, सेवानिवृत्ति अशा प्रसंगीं लेखणी भेट देण्याचा प्रघात आपल्या सुशिक्षित घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. स्वस्त बॉलपेनांच्या सुळसुळाटांत तो कांहींसा मागें पडला. परंतु अलीकडे कारागिरानें हातानें घडविलेल्या फाउंटनपेनांकडे लोकांचें लक्ष पुन्हा वळूं लागलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. अशी लेखणी घेणारा गृहस्थ चार ठिकाणीं चौकशी करतो. निब कागदावर कसें चालतें, हातांत वजन कसें बसतें, हें पारखून पाहतो. मात्र ती ज्या पेटींतून द्यावयाची, ती पेटी तो दुकानदाराच्या मर्जीवर सोडतो. किंवा उलट पेटीच्या झगमगाटाला भुलून आंतली लेखणी पसंत करतो. या दोन्ही रीति चुकीच्या होत. पेटी ही लेखणीची दासी आहे, स्वामिनी नव्हे. नीट निवडलेली पेटी लेखणीला दीर्घायुष्य देते. वाईट निवडलेली पेटी तिचा बंदिवास ठरते.

आपल्या पूर्वजांना हा विवेक होता. मोडी लिहिणाऱ्या कारकुनापुढें जें कलमदान असे, त्यांत बोरू, दौत, बोरू तासण्याचा चाकू आणि ओली शाई टिपण्याची वाळू यांची व्यवस्था असे. कलमदान उघडणें म्हणजे कामाला बसणें, असाच त्याचा अर्थ होता. तें सुंदर नसे असें मात्र नव्हे. काश्मिरांत कागदाच्या लगद्यावर रंगकाम करण्याच्या कलेला ‘कार-इ-कलमदानी’ असें नांवच पडलें. आमचें अणदूर सोलापूर–हैदराबाद मार्गावर आहे. १९४८ पर्यंत हा सारा धाराशिव जिल्हा आणि तिकडील बीदर हीं एकाच निजामी राज्यांत मोडत. त्या बीदरच्या कारागिरांनीं जस्त व थोडें तांबें यांच्या मिश्र धातूंत चांदीची नक्षी बसवून, किल्ल्यांतील माती व नवसागर यांच्या योगानें ती धातु काळी करून, अप्रतिम कलमदानें घडविलीं. काळ्या भूमीवर रुपेरी वेल उठून दिसते, पण आंत जागा मात्र लेखणीच्या मापाचीच असते. शोभा बाहेर आणि सोय आंत, हें त्यांचें सूत्र होतें.

हातानें घडविलेल्या लेखणीच्या भेटीचा आदर्श पाहावयाचा तर तो वर्ध्यास सांपडतो. गोदावरीकांठच्या राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम् या कारागिरानें १९३२ च्या सुमारास स्वदेशी फाउंटनपेनें करण्यास आरंभ केला. त्यांची एक लेखणी ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोंचली. १६ जुलै १९३५ रोजीं गांधीजींनीं वर्ध्याहून रत्नम् यांस आभाराचें पत्र धाडलें. आपण ती वापरून पाहिली व परदेशी लेखणीच्या जागीं ती चांगली चालेल, असा त्याचा आशय होता. लेखणी कोणत्या पेटींतून आली, याचा त्यांत उच्चार नाहीं. आपण ती वापरली, एवढेंच आहे. कारागिराला याहून मोठें पारितोषिक कोणतें? याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवून पाहावें. २००९ सालीं माँब्लाँ या कंपनीनें गांधीजींच्याच नांवानें सोन्याच्या तारेनें वेढलेल्या २४१ लेखण्या काढल्या. दांडीयात्रेच्या २४१ मैलांवरून ही संख्या घेतलेली होती आणि एकेकीची किंमत अकरा लाखांच्या वर होती. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयांत गेलें आणि २०१० मध्यें ती विक्री भारतांत थांबली. अशी लेखणी घेऊन कोणी किराण्याची यादी लिहील काय? ती पेटींत जन्मते आणि पेटींतच राहते.

आमच्या गांवच्या खंडोबाची मूर्ति वर्षांतील बहुतेक काळ अणदुरांत आणि कांहीं काळ नळदुर्गानजीक मैलारपुरांत असते. देव पालखींतून जातो. पालखी सजविलेली असावी, हें योग्यच. पण भाविक नमस्कार करतो तो आंतल्या देवाला. पेटीविषयीं एवढें तारतम्य ठेवलें कीं बाकीच्या गोष्टी आपोआप ठरतात.

पहिली गोष्ट म्हणजे माप. आधीं लेखणी घ्यावी, मग पेटी. हातानें केलेल्या लेखण्या पुष्कळदां नेहमींच्या पेनांहून लांब व जाड असतात. तयार पेटींत त्या कोंबाव्या लागतात. पेटीची आंतली लांबी लेखणीहून अर्धा इंच अधिक असावी. खांचेंत लेखणी सैल खडखडूं नये, तशी ती ओढून काढावी लागूं नये. तळाशीं फीत किंवा बोट शिरेल एवढी खोलगट जागा असावी. यांतल्या बहुतेक लेखण्यांत शाई ड्रॉपरनें भरावी लागते, म्हणून ड्रॉपरलाही शेजारीं घर हवें. तें नसलें कीं ड्रॉपर पहिल्याच महिन्यांत हरवतो आणि लेखणी कोरडी पडते.

दुसरी गोष्ट द्रव्याची. बहुतेक हस्तनिर्मित लेखण्या इबोनाइटच्या असतात. रबरांत पुष्कळ गंधक मिसळून तें शिजविलें म्हणजे हा टणक पदार्थ होतो. ऊन व दमट हवा यांनीं काळें इबोनाइट तपकिरी पडतें. म्हणून त्याला कांचेच्या झांकणाची पेटी देऊं नये. तसेंच या गंधकानें चांदी काळवंडते. पेटीच्या आंत चांदीची नामपट्टी बसविण्याची हौस पुष्कळांना असते. इबोनाइटच्या सहवासांत ती कांहीं वर्षांत काळी होते. सेल्युलॉइडची लेखणी असेल तर तिला हवा लागते. घट्ट बंद डबींत कोंडल्यास तिच्यांतून निघणारी वाफ तिचाच नाश करते. हा पदार्थ ज्वालाग्राही आहे, हेंही देवघराजवळ पेटी ठेवणाऱ्यांनीं ध्यानांत धरावें.

अस्तर म्हणून स्पंज किंवा रेक्झीन वापरूं नये. स्पंज कालांतरानें भुगा होऊन चिकटतो आणि रेक्झीनचा चिकटपणा लेखणीच्या अंगाला लागतो. गडद मखमलीचा रंग पावसाळ्यांत उतरतो. त्यापेक्षां धुतलेलें, रंग न सोडणारें सुती कापड बरें. घरांत जुन्या सुती लुगड्याचा चांगला तुकडा असेल तर त्याचें अस्तर करावें. विकतच्या मखमलीला ती माया येत नाहीं. पेटी लांकडाची हवी असेल तर गांवच्या सुतारानें सागाची करून दिलेली उत्तम. मात्र पॉलिश पुरतें वाळून वास गेल्याशिवाय तींत लेखणी ठेवूं नये. रंगीत काम आवडत असेल तर सावंतवाडीच्या लाखकामाच्या लांकडी पेट्या नजरेखालून घालाव्या.

तिसरी गोष्ट खर्चाची आणि नांवाची. पेटीची किंमत लेखणीच्या चतुर्थांशाहून अधिक नसावी, असें माझें मत आहे. उरलेल्या पैशांत शाईची एक बाटली व चांगल्या कागदाची वही घ्यावी. आणि देणाऱ्याचें नांव पेटीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत नसावें. कित्येक पेट्यांवर देणारा ठळक व घेणारा बारीक असतो. ती भेट नव्हे, पाटी झाली. आंतल्या बाजूस तिथि, प्रसंग आणि एक आशीर्वचन स्वहस्तें लिहिलेलें पुरे.

शेवटची गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींसाठीं. मुलाला लेखणी मिळाली कीं घरांतील कोणीतरी ती तत्काळ कपाटांत ठेवतें. “मोठा झाल्यावर वापर” असें त्याला सांगितलें जातें. मूल मोठें होतें, हाताचें वळण बनून जातें, आणि लेखणी मखमलीवर तशीच पडून राहते. अक्षर घडावयाचें वय हेंच तिच्या उपयोगाचें वय आहे. तरी भेटीच्या दिवशींच घरांतील वडील मनुष्यानें मुलाला शेजारीं बसवून शाई भरण्यास शिकवावें आणि पहिलें पत्र आजोळीं लिहवून घ्यावें. लेखणी हातून पडेल, शाईचे डाग पडतील, पडूं द्यावे. रात्रीं ती पुसून पेटींत ठेवावी आणि सकाळीं पुन्हा काढावी. ज्या पेटीचें झांकण रोज उघडतें, तीच पेटी निवडण्यांत आपण चुकलों नाहीं असें समजावें.