मूठ वळली की हात बदलतो

शिंप्याची टेप घ्या. पंजा सपाट ठेवून हाताच्या पाठीवरून मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत मोजा. आता मूठ वळून, टेप बोटांच्या सांध्यांवरून फिरवत तेच अंतर पुन्हा मोजा. आकडा वाढलेला दिसेल. सांध्यांवरची सैल, सुरकुतलेली कातडी मूठ वळताच ताणली जाते; तळव्याकडे उलट घड्या पडतात.

हातमोज्याची खरी अडचण इथेच आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात झेविअर जुव्हँने १८३० च्या दशकात माणसांचे हात मोजून ३२० आकार निश्चित केले आणि मोजे मापात मिळू लागले. काम फार मोठं होतं. पण माप होतं स्थिर हाताचं. आजही हातमोज्याचा नंबर मुख्यतः तळव्याच्या घेरावरून आणि हाताच्या लांबीवरूनच ठरतो.

या मर्यादेची सर्वांत कठोर परीक्षा अंतराळात होते. यानाबाहेर काम करताना अमेरिकी अंतराळवीराच्या पोशाखात दर चौरस इंचाला सुमारे ४.३ पौंड दाब असतो. त्यामुळे हातमोजा हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा ताठ होतो आणि प्रत्येक वेळी बोट वाकवताना त्या दाबाशी झुंजावं लागतं. तासन्‌तास असं काम केल्यावर काही अंतराळवीरांची नखं सुटून आली आहेत. २००७ साली ‘नासा’च्या स्पर्धेत पीटर होमर या अभियंत्याने घरच्या जेवणाच्या टेबलावर तयार केलेल्या हातमोज्यासाठी दोन लाख डॉलर जिंकले. त्यातली एक कसोटी होती ती बोटं किती सहज वाकतात याची!

आता हलता हातच मोजता येतो. भोवती लावलेले अनेक कॅमेरे एकाच क्षणी हाताची चित्रं टिपतात, सेकंदाला कितीतरी वेळा. मग कातडीवरचा तोच बिंदू एका चित्रातून दुसऱ्या चित्रात कुठे सरकला, हे संगणक शोधतो. कुठे कापड जास्त हवं, कुठे कमी, ते यातून कळतं. मात्र वळलेल्या मुठीच्या आत कॅमेऱ्याची नजर पोचत नाही, बोटं एकमेकांना झाकतात. तो भाग अंदाजानेच भरावा लागतो.

भारतीय शरीरमापांचा देबकुमार चक्रबर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या पायावर आता आपल्या कामकरी हातांच्या हालचालींची मापं उभी राहायला हवीत. मोजे नीट न बसल्याने हातातून झाडू निसटायला लागला, की सफाई कामगार ते काढून ठेवतो आणि उघड्या हाताने कचरा उचलतो. कामगारांसाठी हातमोजे खरेदी करणाऱ्यांनी निदान एवढं करावं: ऑर्डर देण्याआधी चार-पाच जणांच्या हातात नमुना घालून त्यांना झाडू धरायला सांगावं.